बाराचा पहारा

माझ्या मोबाईलची रिंग टाळ-मृदंगाची आहे. ती वाजली की आमच्या घरात सगळ्यांना कळतं, कुणीतरी गेलं. सून माझी, सृष्टी, चहाचं आधण निम्मं करते आणि म्हणते, "आता आबांची आंघोळ दोनदा."

मी सावळाराम. हवालदार. दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात अकस्मात मृत्यूच्या चौकशा अकरा वर्षं माझ्याकडं आहेत. विहीर, कालवा, रेल्वेचे रूळ, हायवे, साप, वीज. ज्या मरणाचं उत्तर कुणाजवळ तयार नसतं ते माझ्या टेबलावर येतं. बाकीचे हवालदार उन्हातला बंदोबस्त मागून घेतील, पण हे नको म्हणतात. मला चालतं. कीर्तन ऐकत लहानाचा मोठा झालो. सुट्टी कधी मागितली तर सप्ताहासाठीच, आणि टाळ डिक्कीत काठीशेजारी असतो. ठाण्यात मला सगळे 'बुवा' म्हणतात, साहेबसुद्धा.

काम सांगायला सोपं आहे. मयताला नमस्कार करायचा. पंच बोलवायचे. डोक्यापासून पायापर्यंत जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही. शेवटी उजव्या पायाच्या अंगठ्याला पांढऱ्या दोऱ्यानं चिठ्ठी बांधून दवाखान्यात पाठवायचं. मी डावखुरा आहे. माझी गाठ उलटी बसते, आणि दुहेरी मारायची सवय. ती सोडवताना पीएम रूमवाला मला रोज शिव्या घालतो. म्हणतो, "बुवा, मेलेलं मानूस पळून जातंय व्हय?"

गेल्या फाल्गुनात, शुक्रवारी सकाळी रिंग वाजली. भांडगावच्या शिवारात कालव्याला उन्हाळी पाणी सुटलं होतं आणि चारीच्या दाराला एक माणूस अडकला होता.

मी आणि आमची तेजश्री, दोघं गेलो. तेजश्री नवी शिपाई, तीन वर्षांची नोकरी, मोबाईलवर फोटो आणि टायपिंग सगळं तीच बघते. मी कागद काढला तशी म्हणाली, "बुवा, कलम एकशे चौऱ्याहत्तर लिहू नका बरं का. नव्या कायद्यात एकशे चौऱ्याण्णव झालंय आता."

"मेलेल्याला फरक पडतो का गं?"

"साहेबांना पडतो."

पंच मिळणं ही या कामातली खरी अडचण. पंच म्हटलं की कोर्ट आठवतं आणि बघ्यांचा घोळका विरघळतो. पण त्या दिवशी पोपटराव सापडले. कालव्यापासून दोन शेतं पलीकडं, मळ्यातल्या मारुतीपाशी अखंड सप्ताह चालू होता आणि पोपटराव त्याचे व्यवस्थापक. तीस एकराचा बागायतदार माणूस, कपाळाला बुक्का, हातात किराण्याची यादी.

"बुवा, लवकर आटपा. तिकडं आचारी डाळीसाठी खोळंबलाय."

"पोपटराव, मयताचं तोंड तरी बघा."

"बघितलं की." रुमाल त्यांनी डोळ्यांपर्यंत ओढला होता. "कुठं सही करायची तेवढं बोला."

मी लिहिलं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे चाळीस ते पंचेचाळीस. अंगात पांढरा सदरा, पांढरा पायजमा. गळ्यात तुळशीची माळ. चेहरा पाण्याने सुजलेला, ओळखण्यापलीकडे. डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले. खिशात मोबाईल नाही, पाकीट नाही. फक्त एक वस्तू. गोधडीच्या तुकड्याची, तळहाताएवढी, बारीक टाक्यांनी शिवलेली गादी, दोन्ही टोकांना नाड्या.

"हे काय असतं?" तेजश्रीनं विचारलं.

मला ते लगेच ओळखू आलं. वीणेच्या पट्ट्याखाली खांद्यावर बांधायची गादी होती ती. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. एकानं उतरवायच्या आधी दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची, एकमेकांच्या पाया पडायचं आणि पुढचे दोन तास उभं राहून नाम घ्यायचं. पहाऱ्यावरच्या माणसाशी कुणी बोलत नाही, तोही कुणाशी बोलत नाही. दोन तासांत पट्टा खांद्याला कापतो, म्हणून काही जण अशी गादी बांधतात.

म्हणजे हा आपल्यातला होता.

गादी पाकिटात घालून लाखेचं सील केलं. अंगठ्याला चिठ्ठी बांधली, माझी ती उलटी दुहेरी गाठ मारली आणि मनात म्हटलं, दादा, तुझं नाव शोधतो. कारण नियम असा की सोमवारपर्यंत ओळख पटली नाही तर प्रेत नगरपालिकेकडं जायचं, बेवारस म्हणून. अकरा वर्षांत माझ्या हातून दोनच माणसं नावावाचून गेली आहेत. कीर्तन ऐकताना अजून ती दोघं मला आठवतात. तिसरा नको होता, आणि माळकरी तर नकोच.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, बुडूनच मृत्यू, मारल्याची कसलीही खूण नाही, पाय घसरला असणार. डाव्या गळपट्टीच्या हाडात स्टीलची पट्टी आहे, जुन्या अपघाताची. मरून चार दिवस झाले. सोमवारी संध्याकाळी किंवा रात्री.

पाचच्या सुमारास मी सप्ताहाच्या मांडवात गेलो. मांडवात शिरलं की मला माहेरी आल्यासारखं होतं. कढईतल्या बुंदीचा वास, शेणानं सारवलेली जमीन, माईकवाला 'हॅलो हॅलो' करतोय, पखवाजवाला कणीक मळून शाईच्या उलट बाजूला थापतोय. पोपटरावांनी मला आधी चहा पाजला, मग काल आलेल्या कीर्तनकाराचा आवाज कसा सातव्या मजल्यावर जातो ते ऐकवलं. मग मी विचारलं, पहारेकऱ्यांपैकी कुणी सोमवारपासून आलेला नाही असं आहे का?

"न्हाई. समदे येत्यात." त्यांनी फळा दाखवला. खडूनं चोवीस तासांचे बारा पहारे लिहिलेले. दुपारी बारा ते दोनपुढं नाव नव्हतं, नुसतं 'तळेगावकर'.

"हा कोण?"

"नाव न्हाई इचारलं म्या. सोमवारी सकाळी आला आन् म्हणला, बारा ते दोन सातही दिवस मला द्या. बुवा, पंगतीच्या टायमाला कोण उभं ऱ्हातंय? म्या म्हणलं, देवच पावला. तळेगाव ढमढेऱ्याचा हाय म्हणला, तेवढंच लिहून टाकलं."

"आज आला होता?"

"म्हंजी काय. दोनला म्याच घेतली की त्याच्याकडनं वीणा. माझाच पहारा असतोय पुढचा."

"दिसायला कसा आहे?"

पोपटराव विचारात पडले. "उंच असंल."

"असंल म्हणजे?"

"आता वीणेकऱ्याच्या पाया पडायचं का त्याचं त्वांड बघायचं? पाय सांगतो, पायजे तर. डाव्या अंगठ्याचं नख फुटल्यालं हाय, असं उभं. आन् पट्ट्याखाली बारकी गादी बांधतोय, गोधडीची."

मी चहाचा कप खाली ठेवला.

नख कुणाचंही फुटतं. रानात काम करणाऱ्या दहा माणसांत दोघांची फुटलेली असतात. गादी एकाच भजनी मंडळातल्या चौघांकडं सारखी असू शकते. असं मी मनाशी मांडलं, आणि ते बरोबरही होतं. म्हणजे बारा वाजता येणारा हा माणूस मयताच्या गावचा, कदाचित भाऊच असेल. उद्या त्याला गाठायचं आणि नाव घ्यायचं. मी खुशीत घरी गेलो. जाताना पोपटरावांनी बुंदी बांधून दिली.

शनिवारी पावणेबाराला मी मांडवात हजर होतो. दहा ते बाराचा पहारा इंद्रजीतचा. हा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कामाला, सेकंड शिफ्टला जायच्या आधी दोन तास उभा राहतो. पारायण थांबलं, माणसं उठली. पंगतीला जाण्याआधी वीणेला नमस्कार करायला रांग लागली, मीही रांगेत उभा राहिलो. बायकांचा एक घोळका आरतीचं ताट घेऊन मध्ये आला, तो सरकला तेव्हा इंद्रजीत पंगतीकडं चालला होता आणि वीणा दुसऱ्या गळ्यात होती.

पुढं सरकता सरकता मी बघत होतो. पांढरा सदरा. खांद्यावर टेकलेला वीणेचा दांडा, त्याच्या आड झुकलेली मान. पट्ट्याखाली डाव्या खांद्यावर गादी.

माझा नंबर आला. अकरा वर्षं मी माणसांचे चेहरे बघायचा पगार घेतोय. आधी चेहरा बघायचा, एवढंच ठरवून आलो होतो.

पण समोर वीणा आली आणि मान आपोआप खाली गेली. पन्नास वर्षांची सवय. मी पायांवर डोकं ठेवलं.

पाय गार होते.

डाव्या अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं. टाचांच्या कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या, धुणं धुऊन उठलेल्या बाईच्या हातांसारख्या. कोरड्या सारवणावर उभे, पण सुरकुतलेले.

उजव्या अंगठ्याला पांढरा दोरा होता.

गाठ उलटी. दुहेरी.

मागच्यानं हळूच ढोसलं, "चला मामा, आमटी निवाय लागली." मी उठलो. उठताना वर बघायला हवं होतं. मी वीणेचा भोपळा बघितला, बोटं बघितली आणि बाजूला झालो.

मांडवाबाहेर येऊन पीएम रूमवाल्याला फोन लावला.

"तीन नंबरचा ट्रे बघ."

"जेवतोय की, बुवा."

"बघ."

कुलूप उघडल्याचा आवाज आला. "हाय. झोपल्यालं हाय निवांत."

"पायाची चिठ्ठी?"

"चिठ्ठी ट्रेमधी पडलीया. दोरा काय दिसत न्हाई." मग हसला. "तुमची गाठ सुटली? आज लाडू वाटा."

मी मांडवाच्या कडेला बसून राहिलो. नाम चालू होतं. आवाज चांगला होता त्याचा, जरा जाडसर, सुरात पक्का. पलीकडं पंगतीत हसणं, द्रोणांचा आवाज, आमटी वाढणाऱ्याची आरोळी. घाबरायला हवं होतं मी. खरं सांगतो, ते नाम ऐकत मी कधी ताल धरला ते मला कळलं नाही. दोनला पोपटराव आले, वाकले, वीणा घेतली. त्यांच्या पाठीआड झाला तो परत दिसला नाही. मी विचारलं तर पोपटराव पहाऱ्यावर, बोलेनात. त्यांनी नुसता पंगतीकडं हात केला.

पंगतीत तो नव्हता.

तिथून उठलो, सील केलेलं पाकीट ठाण्यातून घेतलं आणि तेजश्रीला गाडी काढायला लावली. चौफुल्यावरून पारगावचा पूल ओलांडला की भीमेपलीकडं शिरूर तालुका लागतो. न्हावऱ्यावरून तळेगाव ढमढेऱ्याला पोहोचेपर्यंत चार वाजले. वाटेत तेजश्री दोनदा म्हणाली, "बुवा, बोलत का नाही? उपास धरला का?"

स्टँडवर मी पाकिटाचं शाबूत सील फोडलं आणि चहावाल्याला गादी दाखवली. त्यानं हातही लावला नाही. "ह्ये वच्छलाबाईचं टाकं हायती. ओढ्याकडंला झेंडूचा मळा हाय बघा त्येंचा."

वच्छलाबाई झेंडू तोडून पाट्या भरत होत्या. सत्तरीच्या, ताठ, तोंडभर हसू. आमची खाकी बघूनसुद्धा आधी पाणी दिलं.

"सुदर्शनकडनं आलाव व्हय? जेवतोय का त्यो? फोन बी न्हेला न्हाई. म्हणला, वीणा आन् मोबाईल एका अंगावर नको."

तेजश्री तोंड फिरवून फुलं बघायला लागली.

हे सांगायची माझी एक पद्धत आहे. मी खाली बसतो, माणसाच्या डोळ्यांच्या खाली, आणि आधी नाव घेतो. मी बसलो. "मावशी, सुदर्शन," म्हटलं, आणि पुढचं त्यांना माझ्या बसण्यावरूनच कळलं.

त्या पाटीतली फुलं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "कवा?"

"सोमवारी संध्याकाळी. कालव्यावर पाय घसरला. कुणी काही केलेलं नाही, स्वतः तर नाहीच. मी सगळं बघितलंय." मी गादी त्यांच्या हातात दिली.

"नवस माझा व्हता," त्या म्हणाल्या. "तीन वर्सामागं ट्रॅक्टर पलटी झाला, त्याचं हाड मोडलं. वाचला तर सात दिस भर दुपारचा पहारा करंल, आसं म्याच बोलले. त्यो म्हणला, आये, अर्धा सोडायचा न्हाई. सात पुरं झाल्याबिगर म्या काय वीणा दुसऱ्याच्या भरवशावर टाकत न्हाई." पदरानं तोंड पुसलं. "पहारं किती झालं त्याचं?"

माझ्या रजिस्टरप्रमाणं उत्तर 'एक' होतं. डॉक्टरांचा कागदही तेच सांगत होता. जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही.

"सहा," मी म्हणालो.

तेजश्रीनं माझ्याकडं बघितलं. वच्छलाबाईंनी बघितलं नाही. बोटांवर मोजलं आणि मान हलवली. "मंग येक राह्यला."

"हो."

"त्यो तुम्ही करा. माळ हाय तुमच्या गळ्यात." गादी त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. "आता त्याला दमवू नगा."

रविवारी सकाळी सहाला प्रेत ताब्यात दिलं. ट्रेमधली चिठ्ठी मी फाईलला लावली. दोरा मी आणि पीएम रूमवाल्यानं दोघांनी शोधला, ट्रेखाली, चादरीत. मिळाला नाही. साडेनऊला ओढ्याकाठी अग्नी दिला. गावातले टाळकरी आले होते, मी त्यांच्या ओळीत उभा राहिलो. भजन असं रंगलं की वच्छलाबाई रडता रडता ठेका धरून उभ्या होत्या. नाव गेलं नाही, माणूस नावानिशी गेला. माझं काम झालं होतं. वजन उतरल्यासारखं वाटत होतं.

बाराला पाच कमी असताना मांडवात पोहोचलो. इंद्रजीत नाम घेत उभा होता. माझ्यामागं कुणी आहे का, असं त्यानं एकदा बघितलं. मी पट्ट्याला गादी बांधली, वाकलो, त्याच्या पाया पडलो, तो माझ्या पडला. वीणा गळ्यात आली.

रविवार असल्यानं गर्दी होती. एकेक जण येऊन पायांवर डोकं ठेवत होता, आणि कुणीही वर बघत नव्हतं. तिथं उभं राहिल्यावर मला कळलं की आठवडाभर कुणाला काही कळलं कसं नाही. दोन तासांत शंभर टोप्या, शंभर पदर दिसले. चेहरा एक नाही.

पहिला अर्धा तास ठीक गेला. मग डाव्या गळपट्टीचं हाड दुखायला लागलं. मला तिथं कधी काही लागलेलं नाही.

मग पाय गार पडले.

आवाज मात्र लागला होता. इतका सुरात मी आयुष्यात कधी नव्हतो. जरा जाडसर येत होता, एवढंच.

दोनला पोपटराव आले. माझ्या पायांवर वाकले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ खालीच राहिले. उठून वीणा गळ्यात घेतली. पहाऱ्यावर बोलायचं नसतं, पण नाम सुरू करायच्या आधी ते कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सात पुरं झालं बघा तळेगावकराचं. आन् बुवा, अंगठ्याला दोरा कसला बांधलाय?"

मी मांडवाच्या मागं जाऊन बसलो. सोडवायला लागलो. पंगत बसली, उठली, दुसरी बसली. तेजश्री ताट घेऊन दोनदा हाक मारून गेली.

उलटी, दुहेरी गाठ. पीएम रूमवाला अकरा वर्षं मला शिव्या का घालतोय, ते त्या दिवशी समजलं.